त्या ३० करंज्या आल्या कुठून? (दोन माणसांचा बाजार)

वहीतलं_पान (धागाकर्ती) · सोमवार, रात्री ९:४०

परळला घरीच अकरावी-बारावी कॉमर्सच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवते. परवा एका मुलीने असा प्रश्न विचारला की तो दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. मी उत्तर दिलं, तिने मानही हलवली, पण तिचं समाधान झालं नव्हतं हे चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणून इथे मांडते.

विषय होता व्यापारापासून होणारा लाभ. पुस्तकात दोन देश असतात आणि मुलांना दोन्ही देश सारखेच परके. म्हणून मी आमच्या लालबागच्या चाळीतली दिवाळी घेतली. एक आमची आई, दुसऱ्या समोरच्या खोलीतल्या काकू. दोघींना फराळासाठी सहा-सहा तास मोकळे मिळायचे. आईचा हात भलताच भरभर चालायचा. तासाभरात ती ३० करंज्या करायची, नाहीतर ६० चकल्या. काकूंना तेवढ्याच वेळात १० करंज्या जमायच्या, नाहीतर ४० चकल्या. (आकडे गणितासाठी गोल केलेत, पण आईचा वेग खरा आहे.)

दोघींनी आपापलं केलं आणि वेळ अर्धा-अर्धा वाटला, तर आईच्या ९० करंज्या आणि १८० चकल्या होतात. काकूंच्या ३० करंज्या आणि १२० चकल्या. दोन्ही घरं मिळून १२० करंज्या, ३०० चकल्या.

आता काकूंनी सहाही तास फक्त चकल्या पाडल्या, तर २४० चकल्या. आईने पाच तास करंज्या आणि एक तास चकल्या केल्या, तर १५० करंज्या आणि ६० चकल्या. चकल्या पुन्हा ३००च, करंज्या मात्र १५०. म्हणजे ३० करंज्या जास्त!

पोरगी म्हणाली, "मॅडम, तास तेवढेच, हात तेवढेच. आणि तुमची आई तर दोन्हीत काकूंच्या पुढे. मग काकूंची मदत घेऊन फायदा झालाच कसा? ३० करंज्या आल्या कुठून?"

मी 'तौलनिक लाभ' हा शब्द फळ्यावर लिहिला, अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोचं नाव सांगितलं आणि व्याख्या दिली. पण व्याख्या म्हणजे उत्तर नव्हे, हे मलाच जाणवत होतं. तुम्ही कसं समजावलं असतं?

---

सोऱ्या · सोमवार, रात्री १०:१५

मुलुंडला घरगुती फराळाच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे हे वाचून हात शिवशिवले. स्वयंपाकघरातूनच सांगते.

काकू तीन तास करंज्यांवर घालवत होत्या आणि त्यातून मिळत होत्या जेमतेम ३०. तेच तीन तास त्या सोऱ्या घेऊन बसल्या की १२० चकल्या जास्त पडतात. आता या १२० चकल्या आईला करायच्या नाहीत, म्हणजे आईचे दोन तास सुटले. त्या दोन तासांत आईने ६० करंज्या केल्या. काकूंकडे ३० गेल्या, आईकडे ६० आल्या. उरल्या ३०. त्या आल्या त्या काकूंच्या पाऱ्या लाटण्यात अडकलेल्या वेळेतून.

तिला विचारा, काकूंना एक करंजी किती चकल्यांना पडते? चार. आईला? दोन. आई दोन्हीत हुशार असली तरी आईची चकली 'महाग' आहे, कारण प्रत्येक चकलीपायी अर्धी करंजी राहून जाते. काकूंची चकली पाव करंजीत होते. किती जणींना हे कळत नाही! माझ्याकडे मदतीला येणारी मुलगी सगळ्यात माझ्यापेक्षा सावकाश आहे. तरी तिच्याशिवाय माझ्या ऑर्डरी पूर्ण होत नाहीत.

दोन दुरुस्त्या सुचवते. ३० करंज्या वाढल्या म्हणजे मैदा, खोबरं, साखर, तूपही वाढलं. तुमच्या गणितात फक्त वेळ धरलाय, हे मुलांना स्पष्ट सांगा, नाहीतर एखादी घरी आईला विचारेल आणि आई हसेल. दुसरं, प्रत्यक्षात वाढ ३०पेक्षाही जास्त होते. करंजी मंद आचेवर तळायची, चकलीला त्याहून जास्त आच लागते. एकीने एकच पदार्थ केला तर आच सारखी कमीजास्त करावी लागत नाही, सोऱ्या पुन्हा पुन्हा धुवावा लागत नाही.

---

वहीतलं_पान · सोमवार, रात्री १०:३२

सोऱ्या, "काकूंच्या पाऱ्या लाटण्यात अडकलेला वेळ" हेच मला सुचत नव्हतं! पुस्तकात याला वैकल्पिक खर्च (एक करताना जे दुसरं सोडावं लागतं ते) म्हणतात आणि मी तो शब्द मुलांवर नुसता फेकला होता. मैद्याचं उद्याच सांगते.

---

गिरगावची_गल्ली · सोमवार, रात्री ११:०५

छान धागा. पण मला वेगळीच गोष्ट आठवली आणि ती या गणितात कुठे बसते ते विचारायचंय.

आमच्या वाडीत बोहारीण यायची. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर कपड्यांचं गाठोडं. जुन्या पँटी आणि साड्या द्यायच्या, स्टीलचं पातेलं घ्यायचं. आई जिन्यात बसून अर्धा अर्धा तास घासाघीस करायची. "एवढ्या साड्यांना एवढंच पातेलं?" "बाई, पँट मागून घासलीय, कोण घेणार?" शेवटी पातेल्यावर एक वाटी चढायची आणि व्यवहार व्हायचा.

इथे कुणीच काही तयार केलं नाही. पातेलं आधीच होतं, साड्या आधीच होत्या. कुणाचा वेळ सुटला नाही, उलट अर्धा तास गेला. मग इथे लाभ कुठे आहे? का एकीचा फायदा तो दुसरीचा तोटा?

लहानपणी मला वाटायचं की आई जिंकली. आता त्या बाईचं ओझं आठवतं आणि वाईट वाटतं. म्हणून मनापासून विचारतेय.

---

आडवी_रेघ · मंगळवार, सकाळी ७:५०

मी कॉलेजात हाच विषय शिकवते. काल लोकलमध्ये धागा वाचत होते, उत्तर लिहायला आज बसले.

गल्ली, तुमचा प्रश्न फार मोलाचा आहे. करंज्यांत लाभ आला दोघींच्या *कौशल्यातल्या* फरकातून. बोहारणीच्या व्यवहारात तो येतो दोघींच्या *गरजेतल्या* फरकातून. पहिल्यात वस्तू वाढतात. दुसऱ्यात वस्तू तेवढ्याच राहतात, पण जिथे त्यांना जास्त किंमत आहे तिथे जाऊन पोचतात.

समजा आईच्या लेखी त्या कपड्यांची किंमत होती ५० रुपये, कारण घरी त्यांची फडकीच झाली असती. बोहारणीला ते धुऊन, शिवून, विकून २०० मिळणार होते. पातेलं तिला पडलं ९० ला. आईला तेच दुकानातून १८० ला आणावं लागलं असतं. (हे आकडे माझ्या मनाचे.) आईने ५० चं दिलं आणि १८० चं घेतलं, म्हणजे १३० कमावले. बोहारणीने ९० चं दिलं आणि २०० चं घेतलं, म्हणजे ११०. दोघी मिळून २४०. तोटा कुणाचाच नाही.

मग वाटीचं काय? वाटी हा त्या २४० च्या *वाटणीचा* प्रश्न. साडी आणि पातेलं एकमेकींच्या हाती गेलं तिथे लाभ निर्माण झाला. घासाघीस चालली होती तो कुणाच्या पदरात किती पडणार यावर. या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणसाला वाटतं, व्यापार म्हणजे एकाने दुसऱ्याला फसवणं. आणि उलट बाजूने, 'दोघांचा फायदा झाला' एवढं सिद्ध करून कुणी थांबलं की वाटणी न्याय्य होती का हा प्रश्न गायब होतो. वर्गात मी सगळ्यात जास्त वेळ यावरच घालवते.

तुम्हाला त्या बाईबद्दल जे वाटतं ते वाटणीबद्दलचं आहे आणि ते बरोबर आहे. तिला ओझं घेऊन दुसरा जिना चढायचा होता, आईला दुपार मोकळी होती. ज्याला थांबणं परवडतं त्याच्याकडे वाटणी झुकते. अडला हरी म्हणतात ते हेच. तिचं चालणं, धुणं, शिवणं त्या ११० मधून वजा करा, म्हणजे तिच्या हातात किती कमी उरत असेल ते दिसेल.

घासाघीस अगदीच वाया जात नाही, एवढं मात्र म्हणेन. त्या अर्ध्या तासात दोघींना समोरचीची खरी मर्यादा कळत जाते आणि व्यवहार होणार की मोडणार ते ठरतं.

---

गिरगावची_गल्ली · मंगळवार, सकाळी ८:२०

आडवी रेघ, हे वाचून खूप वर्षांची बोच नीट समजली. धन्यवाद.

---

वेसावचा_वारा · मंगळवार, दुपारी १:१०

आमच्याकडचं उदाहरण देतो. आम्ही वेसाव्याचे कोळी. माझी आजी वलांडीवर वाळवलेले बोंबील घेऊन खाडीपलीकडच्या आगरी गावांत जायची आणि भात-तांदूळ घेऊन यायची. पैसा मध्ये नसायचाच. आमच्याकडे भाताचं शेत नाही, त्यांच्याकडे पावसाळ्यात कालवणाला मासळी नाही. पावसात होड्या बंद असतात, म्हणून सुकी मासळी त्यांनाही हवीच असायची.

दोघांचा फायदा हे पटलं. माझा प्रश्न भावाचा आहे. आजी म्हणायची, "भाव ठरलेलाच असतो, तो आपण फक्त शोधायचा." असा ठरलेला भाव खरंच असतो का? दोनच माणसं असताना तो कोण ठरवतं?

---

आडवी_रेघ · मंगळवार, रात्री ९:३०

वारा, तुमच्या आजीचं वाक्य मी उद्या वर्गात सांगणार आहे. तिचाच व्यवहार गणितात मांडते. जरा लांबेल, पण कागद-पेन घेऊन बसलात तर मजा येईल.

आजीकडे १२ किलो बोंबील, तांदूळ शून्य. आगरी वहिनींकडे ३६ किलो तांदूळ, बोंबील शून्य. आवडीनिवडी अशा धरू: आजी आपल्या मालाच्या एकूण मोलातलं निम्मं बोंबलात ठेवते आणि निम्म्याचा तांदूळ घेते. वहिनी आपल्या मोलाचा एक तृतीयांश भाग बोंबलावर घालवतात, बाकी तांदूळ घरात ठेवतात.

आता भाव पुकारून बघू. भाव म्हणजे एक किलो बोंबलाला किती किलो तांदूळ.

पुकारला ३. आजीला निम्मे म्हणजे ६ किलो बोंबील द्यायचे आहेत. वहिनी आपल्या ३६ पैकी १२ किलो तांदूळ मोजायला तयार, पण ३ च्या भावाने त्यात बसतात ४ किलो बोंबील. आजीच्या टोपलीत २ किलो पडून राहिले. भाव उतरणार.

पुकारला दीड. आजीला द्यायचे आहेत तेच ६. वहिनींना मात्र आता ८ किलो हवेत. बोंबील कमी पडले. भाव चढणार.

पुकारला २. आजी ६ देते, वहिनींना ६ च हवेत. १२ किलो तांदूळ इकडे, ६ किलो बोंबील तिकडे. टोपलीत काही उरलं नाही, कुणी रिकाम्या हाताने परत गेलं नाही. हाच समतोल भाव. आजी ज्याला 'ठरलेला' म्हणायची तो हा. दोघींच्या मालात आणि आवडीत तो आधीपासून दडलेला असतो, पुकारून सापडतो. फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ लिऑं वालरासने १८७४ मध्ये बाजाराची हीच चाचपडत भाव शोधण्याची रीत मांडली.

चित्र काढायचं तर एक आयताकृती डबा काढा. रुंदी १२, म्हणजे सगळे बोंबील. उंची ३६, म्हणजे सगळा तांदूळ. डाव्या खालच्या कोपऱ्यातून आजीचा हिस्सा मोजायचा, उजव्या वरच्या कोपऱ्यातून वहिनींचा. मग डब्यातला प्रत्येक ठिपका ही एक वाटणी होते. सुरुवात उजव्या खालच्या कोपऱ्यात: सगळे बोंबील आजीचे, सगळा तांदूळ वहिनींचा. तिथून २ च्या उताराची रेघ वर-डावीकडे न्या. ती ६ बोंबील, १२ तांदूळ या ठिपक्यापाशी आली की थांबा. तिथे आजीच्या लेखी आणखी एका किलो बोंबलाचं मोल साधारण २ किलो तांदूळ, वहिनींच्या लेखीही तेवढंच. दोघींचं मोल सारखं झालं, की देवाणघेवाणीला कारण उरत नाही. फरक होता म्हणून व्यापार सुरू झाला, फरक मिटला म्हणून थांबला.

---

चौथी_सीट · मंगळवार, रात्री १०:५०

अर्थशास्त्र शिकलेलो नाही, रोज डोंबिवली ते सीएसएमटी करतो. वरचं सगळं दोनदा वाचलं, कागदावर करून पाहिलं, आकडे जुळले. पण एक गोष्ट पटत नाही.

"भाव पुकारला" म्हणता. पुकारला कुणी? आजी आणि वहिनी, दोघीच तर आहेत! बाजारात हजार माणसं असली की एकट्यामुळे भाव हलत नाही, म्हणून माणूस मिळेल तो भाव घेतो. इथे वहिनी सरळ म्हणू शकतात, "मी ३ काय आणि २ काय, देणारच नाही. एकाला एकही नाही. घ्यायचं तर घे." आजीने बोंबील डोक्यावरून परत न्यायचे का?

---

आडवी_रेघ · बुधवार, सकाळी ७:४०

चौथी सीट, तुम्ही अगदी नेमकं बोट ठेवलंत. वर्गात हा प्रश्न मुलांच्या आधी मीच काढते, काल लिहायच्या ओघात राहिला. दोन माणसांच्या उदाहरणात आपण दोघांनाही भाव 'दिलेला' आहे असं धरतो. ही धरून चाललेली गोष्ट आहे, घडणारी नव्हे.

समजा वहिनींनी ताणून धरलं आणि आजीने ८ किलो बोंबील देऊन फक्त ७.२ किलो तांदूळ घेतला. आजीकडे राहिले ४ किलो बोंबील. नुसते १२ किलो बोंबील घेऊन परत जाण्यापेक्षा आजीला हेही बरंच आहे. गंमत पाहा, इथेही दोघींचं मोल सारखंच होतं. आणखी एका किलो बोंबलासाठी दोघी साधारण १.८ किलो तांदूळ मोजतील. म्हणजे या वाटणीनंतरही पुढच्या व्यवहाराला जागा नाही. एकीचं नुकसान केल्याशिवाय दुसरीचं भलं होणार नाही, अशी ही वाटणी. पण आजीला ती समतोल भावापेक्षा कितीतरी वाईट.

असे ठिपके डब्यात एक नाही, सलग ओळीने असतात. त्या ओळीला करार वक्र म्हणतात. फ्रान्सिस एजवर्थने १८८१ मध्ये हेच दाखवलं: दोनच माणसं असतील तर करार या वक्रावर कुठेही होऊ शकतो. कुठे, ते गणित सांगत नाही. ते घासाघीस ठरवते, गरज ठरवते, रीतभात ठरवते.

मग समतोल भावाला अर्थ काय? तोही एजवर्थनेच दाखवला. बंदरावर आणखी एक आजी आणि आणखी एक वहिनी आणा. आता पहिल्या वहिनींनी फार ताणलं तर आजी दुसरीकडे जाईल, कारण दुसरी थोडा बरा भाव देऊनही फायद्यातच राहते. माणसं वाढत गेली की वक्राचा टिकणारा भाग दोन्ही टोकांकडून आखडत जातो आणि शेवटी समतोल भावापाशी येतो. याची काटेकोर सिद्धता जेरार्ड डेब्र्यू आणि हर्बर्ट स्कार्फ यांनी १९६३ मध्ये दिली.

म्हणून आजीचं खरं बळ तिच्या घासाघिशीत नव्हतं. पलीकडे दुसरंही गाव आहे, यात होतं.

---

वेसावचा_वारा · बुधवार, सकाळी ९:०५

शेवटचं वाक्य वाचून गप्प झालो. आजी नेहमी दोन गावं ठेवायची. एका गावातच सगळा माल कधी उतरवायची नाही, निम्मी टोपली झाकून ठेवायची. आम्हाला वाटायचं तिला चालायची हौस आहे.

---

चौथी_सीट · बुधवार, सकाळी ९:३० (कुर्ल्याला उभा राहून)

पटलं. आणि हे लिहिताना लक्षात आलं की आमच्या डब्यातही रोज हेच चालतं. आमच्या ग्रुपमध्ये डोंबिवलीला बसलेला माणूस अर्ध्या वाटेत उठतो आणि उभ्या असलेल्याला जागा देतो. बसण्याची पहिली वीस मिनिटं सोन्यासारखी असतात, पाय मोकळे होतात. पुढची वीस तितकी मोलाची नसतात. एकट्याने चाळीस मिनिटं बसण्यापेक्षा दोघांनी वीस-वीस बसणं दोघांनाही परवडतं, कारण कोण बसणार आणि कोण उभा राहणार हे रोज बदलतं. जागा वाढली नाही, आराम वाढला.

---

वहीतलं_पान · बुधवार, दुपारी २:००

चौथी सीट, बारावीच्या पुस्तकात घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत आहे. तो तुम्ही उभ्या उभ्या लिहिलात!

---

पिंपळपान_६१ · बुधवार, संध्याकाळी ६:१५

बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. दादरला राहतो. या विषयावर पूर्वी वाचलेला एक लेख आजही लख्ख आठवतो.

आर. ए. रॅडफर्ड नावाचा अर्थशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या युद्धकैदी छावणीत होता. सुटल्यावर १९४५ मध्ये त्याने 'इकॉनॉमिका' या नियतकालिकात छावणीतल्या बाजाराबद्दल लिहिलं. रेडक्रॉसकडून कैद्यांना डबाबंद खाण्याची पार्सलं यायची आणि प्रत्येकाला साधारण सारखंच मिळायचं. दूध, जॅम, लोणी, बिस्किटं, सिगारेटी. कुणी काही पिकवत नव्हतं, बनवत नव्हतं. तरी देवाणघेवाण सुरू झाली, कारण कुणी सिगारेट ओढत नव्हता, तर कुणाला जॅम नको होता. पुढे सिगारेटच चलन झाली आणि भाव सिगारेटींत सांगितले जाऊ लागले.

आपल्यासाठी त्यातली एक गोष्ट फार जवळची आहे. छावणीत हिंदुस्थानी कैद्यांचा वेगळा विभाग होता. एका कैद्याला उर्दू येत होती. तो शिखांकडून मांस विकत घ्यायचा आणि बदल्यात त्यांना लोणी आणि जॅम द्यायचा. दोन विभागांतल्या भावांत मोठा फरक होता आणि तो ओलांडायला लागणारी भाषा याच्याकडे होती. हळूहळू इतरांना ते कळलं, त्या व्यवहारात जास्त माणसं उतरली आणि दोन्हीकडचे भाव जवळ आले. तरी शेवटपर्यंत हिंदुस्थानी विभागात ओळख असणं फायद्याचंच राहिलं, कारण भाषेची भिंत पूर्ण पडली नाही.

आडवी रेघ यांनी सांगितलेलं आखडत जाणं ते हेच, असं मला वाटतं. पहिला उर्दू जाणणारा एकटा होता तेव्हा वाटणी तो म्हणेल तशी. दहा झाले तेव्हा भाव आपल्या जागी आला.

रिकार्डोचं नाव धाग्यात आलंय, म्हणून त्याचे मूळ आकडेही देतो, शिकवणीत उपयोगी पडतील. १८१७ च्या त्याच्या ग्रंथात इंग्लंडला कापडासाठी वर्षभर १०० माणसं लागतात, वाइनसाठी १२०. पोर्तुगालला कापडासाठी ९०, वाइनसाठी ८०. पोर्तुगाल दोन्हीत पुढे, तरीही त्याने वाइन करावी आणि कापड इंग्लंडकडून घ्यावं. वहीतलं पान, तुमची आई म्हणजे पोर्तुगाल.

---

सोऱ्या · बुधवार, रात्री ९:५०

सगळं वाचतेय, शिकतेय. तरी मनात एक गोष्ट आहे, ती बोलते.

आई आणि काकू एकमेकींत फराळ वाटून घेतात, दोघी सुखी. पण त्याच चाळीत माझ्यासारखी एखादी करंज्या *विकणारी* असेल तर? काकूंनी आधी तिच्याकडून दोन डझन घेतल्या असत्या. आता नाही घेणार. हिशोब दोघींचा आहे, तिसरी त्या डब्यात दिसतच नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत बायकांनी मिळून फराळ करायला सुरुवात केली. चांगलीच गोष्ट आहे, मीही जाऊन बसते त्यांच्यात. पण त्या वर्षी माझ्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या, हेही खरं आहे.

---

आडवी_रेघ · बुधवार, रात्री १०:४०

सोऱ्या, या आक्षेपाला चलाख उत्तर देऊ नये, म्हणून सरळच लिहिते. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. डब्यात दोघीच असतील तर लाभ दोघींचाच मोजला जातो. तिसरी आत घेतली की बेरीज तरीही वाढलेलीच निघते, पण तिचा वैयक्तिक आकडा उणे असू शकतो. वाढलेल्या लाभातून तिचं नुकसान भरून देता *येईल*, असं सिद्धांत सांगतो. ते *दिलं जाईल* असं सांगत नाही. या शहराने ते मोठ्या प्रमाणावर पाहिलंय. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते ६५ या काळात, तिकडचा कापूस थांबला आणि मुंबईच्या कापसाचे भाव गगनाला भिडले. व्यापारी गब्बर झाले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि त्या पैशावर उभ्या राहिलेल्या कंपन्या बुडाल्या. भाव नव्या समतोलावर गेला, पण मधल्या माणसांचं जे झालं ते झालं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर सोसायटीतल्या बायकांना काय जमत नाही ते बघा. तुमचं तौलनिक बळ तिथे असेल.

---

सोऱ्या · बुधवार, रात्री १०:५५

अनारसे! तांदूळ तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, मग पीठ मुरवायचं. त्यांच्यातली एकही करत नाही. यंदा तेच घेते.

---

वहीतलं_पान · शुक्रवार, रात्री ८:२०

सगळ्यांचे आभार. काल शिकवणीत हा धागा जवळजवळ पूर्ण वाचून दाखवला. आधी सोऱ्याचा हिशोब, मग आजीचे बोंबील, मग डब्याचं चित्र. त्या मुलीने फळ्यावर स्वतः येऊन काकूंचे ३० वजा केले, आईचे ६० मिळवले आणि मागे वळून हसली.

मग तिने पुढचा प्रश्न विचारला. "एका करंजीला दोन आणि चार चकल्यांच्या मधला कुठलाही भाव दोघींना चालतो. मग तुमच्या आई आणि काकू प्रत्यक्षात कुठला भाव लावायच्या?"

मला माहीत नव्हतं. रात्री आईला फोन केला. ती आता बदलापूरला भावाकडे असते. ती म्हणाली, "भाव कसला? मोजायचो कुठे आम्ही! तिचा चकल्यांचा डबा यायचा, तोच करंज्या भरून परत जायचा. रिकामा डबा पाठवू नये." डबा कुठला, विचारलं. पितळी कडीचा, तो अजून तिच्याकडे आहे.

आज सकाळी बदलापूरला जाऊन आले. फराळाला अजून अवकाश आहे, म्हणून आईने आठवणीनेच सांगितलं: त्या डब्यात करंज्या बसायच्या पन्नास, चकल्या सव्वाशेच्या आसपास.

संध्याकाळी मुलीला एवढंच सांगितलं. तिने लगेच भागाकार केला. एका करंजीला अडीच चकल्या. दोन आणि चारच्या मध्ये. १२० चकल्यांना ४८ करंज्या, म्हणजे काकूंना १८ जास्त, आईला १२. तिने दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि म्हणाली, "मॅडम, काकूंकडे मुलं जास्त होती का हो?"

चार होती. आम्ही दोघंच भावंडं.